शर्यतीची करंडी आणि कबुतराचा श्वास

निरोगी होमर (म्हणजे लांबून घरी परतणाऱ्या, शर्यतीच्या) कबुतराच्या चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांवर, जो फुगीर भाग असतो तो खडूसारखा पांढरा दिसतो. पिसांतून झडणारी बारीक पूड त्यावर बसलेली असते. नाक ओलं राहू लागलं की पूड टिकत नाही. पांढरा रंग आधी मळकट आणि मग राखाडी होतो. शिंका, घरघर, उघड्या चोचीने लागलेली धाप ही सगळी लक्षणं पुढची, ही खूण त्यांच्या कितीतरी आधीची. मात्र पिल्लांना भरवणाऱ्या आईबापांचाही हा भाग मळतो आणि अगदी कोवळ्या पाखराचा मुळातच गुलाबीसर असतो, त्यामुळे नुसत्या रंगावरून निदान करायला जाऊ नये. चोच अलगद उघडून टाळ्याची फट बघावी. ती मोकळी हवी. तिथे चिकट शेंबडाचे तार ओढले जात असतील, किंवा एकच डोळा पाणावलेला असेल, तर पाखरू आजारी आहे.

कबुतरांच्या शर्यतीचा हा खेळ मुख्यतः बेल्जियममधून आला, आणि श्वसनाचा आजार त्यात मुरला तोही तिथेच. तिथली पहिली प्रवासी रेल्वे 1835 मध्ये ब्रुसेल्स ते मेखेलन धावली. पुढे रेल्वे पसरली तशी कबुतरं शेकडो किलोमीटर दूर नेऊन सोडणं सोपं झालं. 1850 मध्ये पुढे रॉयटर्स वृत्तसंस्था काढणाऱ्या रॉयटरने ब्रुसेल्स आणि जर्मनीतलं आखेन यांच्यादरम्यान बाजारभाव पोचवायला कबुतरंच वापरली, कारण त्या टप्प्यात अजून तारेची जोडणी नव्हती. तार आली, टपालाचं काम गेलं आणि खेळ उरला. खाणकामगार, गिरणीकामगार यांच्या परसात ढाबळी उभ्या राहिल्या. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने आपली पाखरं आणायची आणि ती वेताच्या करंड्यांत एकत्र भरली जायची.

या साऱ्या इतिहासातली कळीची वस्तू मला ही करंडीच वाटते. वेगवेगळ्या ढाबळींतली पाखरं तिच्यात अंगाला अंग लावून रात्र काढतात, एकाच पन्हळीतून पाणी पितात, एकमेकांच्या पिसांची पूड आणि वाळलेल्या शिटेची धूळ श्वासातून घेतात. सकाळी झाकण उघडलं की जो तो आपल्या घरी, आणि करंडीत जे मिळालं तेही त्याच्यासोबत घरी. आज करंडीऐवजी मोठे ट्रक आहेत. बार्सिलोनाहून सुटणाऱ्या आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी बेल्जियम, हॉलंड, जर्मनीची पाखरं त्यांत काही दिवस काढतात.

त्यातून कबुतराच्या श्वसनाची घडण अशी की थोडा बिघाडही महागात पडतो. त्याला आपल्यासारखा श्वासपटल नाही. फुप्फुसं बरगड्यांना चिकटलेली असतात, ती फुगत नाहीत. शरीरभर पसरलेल्या नऊ हवेच्या पिशव्या भात्यासारख्या चालतात आणि फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते. याच रचनेच्या बळावर ते तासन्तास पंख मारू शकतं. पण जंतू आणि धूळही त्याच वाटेने पिशव्यांपर्यंत खोल जातात. घरी दाणे टिपणारं, घुमणारं, वरवर ठणठणीत दिसणारं पाखरू चारशे किलोमीटरवरून संध्याकाळ उलटली तरी येत नाही. शर्यतवाल्याला रोग पहिल्यांदा जाणवतो तो बहुतेकदा असाच. जुने लोक याला ‘गार वारा लागला’ म्हणत. जंतू त्यांना ठाऊक नव्हते, पण ओल आणि कोंदट हवेवर ठेवलेलं बोट अगदीच चुकलेलं नव्हतं.

जंतूचा माग लागला तो पोपटांमुळे. 1879 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी याकोब रिटर या डॉक्टरने एकाच घराशी संबंधित सात जणांचा विचित्र न्यूमोनिया नोंदवला. त्यांतले तिघे दगावले, आणि संशय परदेशातून आणलेल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवर गेला. 1929–30 मध्ये हा ‘पोपटताप’ युरोप-अमेरिकेत पसरला. 1930 मध्ये लंडनमध्ये बेडसन आणि सहकाऱ्यांनी त्याचं कारण गाळणीतून पार होणारा अतिसूक्ष्म जंतू असल्याचं दाखवलं. त्याला तेव्हा विषाणू समजत. आज आपण त्याला क्लॅमिडिया सिटासी म्हणतो.

कबुतरांपर्यंत ही गोष्ट पोचली 1940 मध्ये, आणि ती कशी पोचली याचा मी अजूनही विचार करतो. अमेरिकेत पिंकर्टन आणि स्वँक हे संशोधक कबुतरांना थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व न देता त्याचे परिणाम पाहत होते. त्या कुपोषित पाखरांत त्यांना पोपटतापासारखा जंतू सापडला. म्हणजे तो बाहेरून आणावा लागला नव्हता. तो कबुतरांत दडून होता आणि शरीर खचताच वर आला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत कोल्स यांनीही पाळीव कबुतरांतला हा रोग नोंदवला. 1945 मध्ये स्मॅडेल आणि सहकाऱ्यांनी कबुतरांतला एक नवा विषाणू वेगळा केला, आज ज्याला कबुतरांचा हर्पीस म्हणतात तो. पुढे बेल्जियममधल्या लिएजच्या पशुवैद्यांनी दाखवून दिलं की एकदा लागण झाली की हा विषाणूही शरीरात सुप्त राहतो आणि विणीच्या काळात आईबापांकडून पिल्लांना मिळतो. उपाशी रात्र, गर्दी, तहान, लांबचं उड्डाण, म्हणजेच करंडीतलं सगळं, या सुप्त जंतूंना जागं करायला पुरेसं आहे.

1948 मध्ये बेंजामिन डगर यांचं ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक जाहीर झालं आणि टेट्रासायक्लिन औषधांचं युग सुरू झालं. पोपटतापावर ते लागू पडलं. ‘विषाणू’ प्रतिजैविकाला दबतो कसा, या कोड्याचा उलगडा 1960च्या दशकात झाला: तो विषाणू नव्हताच, पेशीच्या आत राहणारा जिवाणू होता. 1967 मध्ये याच कुळातलं डॉक्सिसायक्लिन बाजारात आलं. शर्यतवाल्यांनी ते उचललं, जोडीला मायकोप्लाझ्मा या श्वसनमार्गातल्या दुसऱ्या जिवाणूसाठी टायलोसिन हे प्रतिजैविक आलं, आणि हंगामापूर्वी सगळ्या ढाबळीला चार-पाच दिवस पाण्यातून औषध देण्याची प्रथा पडली.

या प्रथेचा मला राग आहे, कारण मीही ती पाळली आहे. माझ्या ढाबळीत पाच पाखरं घरघरत होती. मी पाण्यात डॉक्सिसायक्लिन घातलं, पण शिंपल्याच्या चुऱ्याचं भांडं तसंच राहू दिलं. चुऱ्यातलं कॅल्शियम या औषधाला पोटातच बांधून टाकतं, ते रक्तात पुरेसं पोचत नाही. आठवड्याने दोन पाखरं मेली. औषध चालू असताना चुरा काढायचा, ही साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि मी विचारलीही नव्हती. शिवाय क्लॅमिडियाला आठवडे लागतात. चार दिवसांत तो फक्त दबतो, आणि हर्पीसवर तर या औषधाचा काहीच परिणाम नाही. निदानाशिवाय दिलेल्या औषधांनी जंतू निर्ढावले. 28 जानेवारी 2022 पासून युरोपीय संघाने जनावरांना सरसकट प्रतिजैविकं देण्यावर कायद्यानेच बंदी घातली. श्वासनलिका रुंदावणारी औषधं आणि कॉर्टिसोन शर्यतीत उत्तेजक म्हणून आधीपासूनच निषिद्ध आहेत.

1993 मध्ये कॅलिफोर्नियातून कबुतरांच्या सर्कोव्हायरसची नोंद आली. तो कोवळ्या पाखरांची प्रतिकारशक्तीच पोखरतो, त्यामुळे एरवी मुकाट राहणारे जंतू एकदम उसळतात. ज्यात मान वाकडी होते तो पॅरामिक्सो हा विषाणूचा रोग मात्र निराळा. तो कोंबड्यांच्या मानमोडीच्या, म्हणजे राणीखेतच्या कुळातला आहे. त्यावर लस हाच उपाय, औषध नाही.

पाळणाऱ्याच्या छातीचा धडाही याच इतिहासात आहे. 1965 मध्ये अमेरिकेत कबुतरं पाळणाऱ्यांच्या फुप्फुसाचा एक रोग प्रथम नोंदवला गेला. तो जंतूचा नव्हे, पक्ष्यांच्या शिटेतल्या आणि पिसांतल्या प्रथिनांच्या ॲलर्जीचा. 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जे वादळ उठलं त्यात या रोगाचं नाव वारंवार आलं. ढाबळ झाडताना मास्क लावा, शीट आधी ओली करा. ताप-खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना कबुतरं पाळतो हे आपणहून सांगा.

आता माझ्याकडे शर्यतीहून आलेलं पाखरू आधी आठवडाभर वेगळ्या खोक्यात राहतं. संशय आला तर घशातला स्राव कापसाच्या काडीवर घेऊन पशुवैद्याकडे जातो. घशातले ट्रायकोमोनास हे एकपेशीय परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली तिथेच हलताना दिसतात, क्लॅमिडियासाठी पीसीआर चाचणी करावी लागते. छताखाली हवेला वाट ठेवली आहे, आणि आत पाऊल टाकताच शिटेच्या अमोनियाने नाक चुरचुरलं तर त्या दिवशी बाकीची कामं बाजूला राहतात. रात्री नऊनंतर, सगळं निवल्यावर, दिवा न लावता मी ढाबळीत उभा राहतो. आजारी पाखराचा श्वास तेव्हा बारीक टिकटिकतो, आणि त्या आवाजावरून अंधारातही नेमकं घर सापडतं.