‘ग्रेटेस्ट हिट्स’ घेतलं की बँड संपला?

रत्नागिरी-मालवणकडच्या रॉकवेड्यांत एक समज कॅसेटच्या काळापासून चालत आलाय: बँडच्या गाजलेल्या गाण्यांचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ संग्रह घ्या, नावाजलेलं सगळं त्यात मिळतं. तसं नसतं.

ईगल्स या अमेरिकन बँडचंच बघा. ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स (१९७१–१९७५)’ हा जगात तुफान खपलेला संग्रह, गाणी फक्त १०. त्यात ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ शोधणारे दरवेळी फसतात. संग्रह आला फेब्रुवारी १९७६ मध्ये, ते गाणं त्याच वर्षीच्या डिसेंबरात. उलट ‘डेस्पेराडो’ कधी सिंगल म्हणून (म्हणजे एकटं, वेगळं विक्रीला) निघालंच नाही, तरी ते ‘हिट्स’मध्ये आहे! दोन्ही हवी असतील तर २००३ चा ३३ गाण्यांचा संग्रह घ्या.

बीटल्सच्या ‘१’ मध्ये (२०००) २७ गाणी आहेत, पण ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ नाही. अट विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकाची होती, आणि ते ब्रिटनमध्ये दुसऱ्यावर अडकलं.

म्हणजे संग्रह टाकाऊ? मुळीच नाही. अमेरिकन रॉक गायक टॉम पेटीच्या १९९३ च्या संग्रहात ‘मेरी जेन्स लास्ट डान्स’ हे नवंकोरं गाणं होतं. पिंक फ्लॉइड या बँडचा अल्बम मात्र सलगच ऐकावा. तुकडे केले की मजा गेली.

घेण्याआधी संग्रहाचं साल आणि गाण्याची लांबी बघा. द डोअर्स या बँडचं ‘लाइट माय फायर’ अल्बमवर सात मिनिटांचं आहे. तीनच्या आत संपलं तर ती सिंगलसाठी कापलेली आवृत्ती. ‘री-रेकॉर्डेड’ (म्हणजे मूळ नव्हे, नंतर पुन्हा गायलेलं) लिहिलेलं स्वस्त पॅक तर नकोच. जुनी कॅसेट घेताना टेपवर पांढरी बुरशी दिसली तर लावू नका, प्लेअरचं हेड (टेप वाचणारा भाग) खराब होतं. आमच्या दमट हवेत ती हमखास धरते.