ताराविदारण घटना

ताराविदारण घटना : दीर्घिकेच्या केंद्रातील प्रचंड कृष्णविवराच्या फार जवळून जाणारा तारा भरतीच्या बलाने फाटण्याची घटना. नागपूरकराला समुद्र दूर असला, तरी भरतीचे तत्त्व सोपे आहे : ताऱ्याच्या जवळच्या बाजूवर ओढ जास्त, दूरच्या बाजूवर कमी, हा फरक ताऱ्याच्या स्वतःच्या गुरुत्वाला वरचढ ठरला की तारा विस्कटतो. कृष्णविवर सु. १० कोटी सूर्यांहून जड असल्यास सूर्यासारखा तारा बहुधा अखंडच गिळला जातो.

कल्पनेचे श्रेय सामान्यतः जॅक हिल्स (१९७५) यांना देतात. मार्टिन रीस (१९८८) यांच्या मांडणीनुसार सु. निम्मे द्रव्य निसटते, उरलेले कृष्णविवराकडे परत येते. परतीचा दर काळाच्या -५/३ घाताने घटतो; हा घातांक फिनी (१९८९) यांच्या दुरुस्तीनंतर रूढ झाला.

पहिले उमेदवार रोसॅट उपग्रहाच्या १९९०-९१ मधील क्ष-किरण सर्वेक्षणात मिळाले. एनजीसी ५९०५ ही दीर्घिका त्यांपैकी. पुढे पॅन-स्टार्स, अ‍ॅसॅस-एसएन आणि २०१८ पासून झेडटीएफ (एका छायाचित्रात सु. ४७ चौ. अंश आकाश) या आकाश-सर्वेक्षणांनी दृश्य प्रकाशात शोध घेतला. नव्या छायाचित्रातून जुने वजा करतात. उरलेला ठिपका दीर्घिकेच्या नेमक्या केंद्रात हवा. अतिनवतारा (ताऱ्याचा स्फोट) थंडावत लालसर होतो; येथे तापमान २०,००० ते ४०,००० केल्व्हिन राहून निळेपणा महिनोन्‌महिने टिकतो. सक्रिय केंद्रकाची (सतत द्रव्य गिळणाऱ्या कृष्णविवराच्या परिसराची) भडक मात्र फसवते, म्हणून वर्णपट घ्यावाच लागतो.

खरा वाद दृश्य प्रकाशाच्या उगमाचा. परतलेल्या द्रव्याची कृष्णविवराजवळची चकती इतकी तप्त असावी की ती मुख्यतः क्ष-किरणांत झळकेल. प्रत्यक्षात मोजलेल्या तापमानावरून प्रकाश देणारा पृष्ठभाग चकतीहून कितीतरी मोठा निघतो. एका मतानुसार भोवतालचे द्रव्य क्ष-किरण शोषून ते दृश्य व जंबुपार प्रकाशात परत टाकते. दुसऱ्या मतानुसार परतणारे प्रवाह एकमेकांवर आदळतात व त्या आघातातून प्रकाश येतो. चकती नंतर जमते. काही घटनांत क्ष-किरण उशिरा वाढतात, ही बाब दुसऱ्या मताला अनुकूल दिसते; परंतु आवरण विरळ होत गेल्यासही तसेच घडेल. प्रस्तुत लेखकाला दोन्ही प्रक्रिया कमीअधिक प्रमाणात चालत असाव्यात असे वाटते.

एटी २०२२सीएमसी (सु. ८.५ अब्ज प्रकाशवर्षे दूर) या झोतयुक्त (द्रव्याचा वेगवान झोत सोडणाऱ्या) घटनेच्या निरीक्षणांत हानले (लडाख) येथील ०.७ मी. ग्रोथ-इंडिया दुर्बिणीचा वाटा होता. २०१४ मधील अ‍ॅसॅसएसएन-१४एलआय ही घटना ज्या दीर्घिकेत घडली, ती नागपूरहून (सु. २१° उ.) जवळजवळ डोक्यावरून जाते, पण साध्या डोळ्यांच्या आवाक्यात नाही.