पार्श्वभूमी: पंधराशे व्होल्टचा निरोप आणि सिलिकॉन कार्बाइड

सिलिकॉन कार्बाइड या अर्धवाहक पदार्थावरच्या संशोधनाच्या बातम्या हल्ली इलेक्ट्रिक मोटारींच्या अंगाने येतात: गाडी किती लांब पळाली, चार्जिंग किती मिनिटांत झालं. पण मोठा प्रवाह हाताळणाऱ्या अर्धवाहकांची जुनी आणि जास्त कठोर परीक्षा रेल्वेच्या डब्याखाली झालेली आहे. तिथे धूळ, पावसाचं पाणी, दर दोन-तीन मिनिटांनी थांबून पुन्हा उचल घेणं, आणि हे सगळं पंचवीस-तीस वर्षं. मुंबईच्या लोकलपुरतं बोलायचं, तर गेल्या चाळीस वर्षांतली बहुतेक पॉवर इलेक्ट्रॉनिक्स त्या एका गाडीखाली येऊन गेली आहे. शिवाय तिच्या डोक्यावरची तार एसी (दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहाची) असावी की डीसी (एकाच दिशेच्या प्रवाहाची), हा वाद मिटला असं वाटत असतानाच प्रयोगशाळांतल्या ताज्या कामाने तो पुन्हा उकरून काढला आहे.

आरंभाची गोष्ट थोडक्यात. ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. त्या काळी दुसरा शहाणा पर्याय नव्हता. थांब्यावरून जोरात उचल घ्यायला डीसी सिरीज मोटरसारखी मोटर नव्हती आणि तिचा वेग आवरायला रेझिस्टन्स पुरत असत. एसीची डीसी करण्याचं काम उपकेंद्रांकडे असे. आधी फिरती यंत्रं, नंतर पाऱ्याचे दिष्टकारक आणि शेवटी सिलिकॉन डायोड, असा त्या उपकेंद्रांचा प्रवास झाला. दशक संपेपर्यंत दोन्ही घाट चढून हीच तार इगतपुरी आणि पुण्याच्या बाजूला पोचली होती.

१९५७ साली देशाने पुढचं सगळं विद्युतीकरण २५ हजार व्होल्ट एसीवर करायचं ठरवलं. सल्ला फ्रेंचांचा होता; तिकडे हा प्रयोग नुकताच यशस्वी झाला होता. गंमत म्हणजे हावड्याच्या बाजूला ३००० व्होल्ट डीसीची तार तेव्हा नुकती कुठे टांगली जात होती. पुढच्या दहा-एक वर्षांत ती बदलून एसी केली गेली. मद्रासची जुनी डीसी तारही गेली. मुंबई तेवढी राहिली.

मुंबई का राहिली, याचं सोपं उत्तर 'दिरंगाई' असं दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. आधी एसीची बाजू पाहू, कारण तिच्यामागचं गणित शाळकरी आहे. एका रेकला, म्हणजे पूर्ण गाडीला, ३००० किलोवॉट लागतात असं धरा. १५०० व्होल्टवर ते द्यायला २००० अँपिअर लागतात, २५ हजार व्होल्टवर १२०. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तेवढ्याच लांबी-जाडीच्या तारेत डीसीचा तोटा पावणेतीनशे पट निघेल. म्हणून डीसीला तांबं जाड लागतं आणि उपकेंद्रं दर काही किलोमीटरवर लागतात. एसीत हेच अंतर तीस-चाळीस किलोमीटरपर्यंत ताणता येतं. नऊ डब्यांचे रेक बारा डब्यांचे करायचे ठरले तेव्हा ही अडचण थेट फलाटावर आली. गाड्या वाढवायला जागा होती, पण तारेत तेवढा दम नव्हता.

आता दुसरी बाजू. एसीची तार डोक्यावर घ्यायची म्हणजे तिच्यात आणि जमिनीशी जोडलेल्या प्रत्येक वस्तूत जास्त अंतर हवं. मुंबईत ब्रिटिशकालीन रस्तापूल आणि पादचारी पूल रुळांवर वाकून उभे होते. कुठे पूल उचलावा लागला, कुठे रूळ खाली घ्यावे लागले, कुठे गाडी हळू काढावी लागली. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल तर तार बदलून झाल्यावर, जानेवारी २०१६ मध्ये पाडला गेला. सिग्नलचं त्रांगडं वेगळंच. रुळावर गाडी आहे की नाही हे ओळखणारी सर्किटं डीसी मार्गावर एसीची ठेवतात आणि एसी मार्गावर डीसीची, म्हणजे गाडीचा परतीचा प्रवाह त्यांना फसवत नाही. तार बदलण्याच्या काळात दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच मार्गावर फिरणार असतील तर दोन्ही सर्किटं बाद ठरतात आणि वेगळ्या वारंवारितेवर चालणारी महागडी व्यवस्था बसवावी लागते. शेजारून जाणाऱ्या टेलिफोनच्या केबलांत एसीमुळे गुणगुण शिरते, म्हणून त्या केबलाही बदलायच्या. आणि हे सगळं रात्रीच्या तीन-साडेतीन तासांत आणि रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये.

डीसीच्या बाजूने बोलणाऱ्यांना म्हणूनच वेड्यात काढता येत नाही. पन्नास वर्षं मुंबईची तडजोड दोन्ही दगडांवर पाय ठेवून चालली. विरारला आणि इगतपुरीला एसी संपून डीसी सुरू होई. इगतपुरीत इंजिन बदलण्याचा सोपस्कार जुन्या प्रवाशांना आठवत असेल. वडापाव घ्यायला तेवढा वेळ हमखास मिळायचा. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून अहमदाबाद मार्गासाठी दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं आली. डीसीखाली त्यांची ताकद कमी भरे, पण ती चालली.

नव्वदच्या दशकात तार बदलायचं पक्कं झालं आणि काम बाहेरून आत सरकत गेलं. पश्चिमेकडे चर्चगेटपर्यंत एसी पोचली २०१२च्या फेब्रुवारीत. मध्य मार्गाचा शेवटचा तुकडा जून २०१५ मध्ये झाला आणि हार्बर एप्रिल २०१६ मध्ये. शेवटच्या डीसी लोकलला हार, फुलं, सेल्फी, सगळा निरोप मिळाला.

या निर्णयाच्या समर्थनात वीज बचतीचे जे आकडे दिले जातात, त्यांत एक घोळ आहे. बचतीचा मोठा वाटा तारेचा नसून गाडीचा आहे. जुन्या रेकमध्ये वेग घेताना रेझिस्टन्स तापत असत आणि ब्रेक लावताना लोखंडी ठोकळे. दोन्हीकडे वीज उष्णता होऊन उडून जायची. २००७च्या अखेरीस आलेल्या जांभळ्या-पांढऱ्या रेकमध्ये हे दोन्ही थांबलं. थ्री-फेज इंडक्शन मोटर, तिला हवी तशी वीज बनवून देणारा आयजीबीटी (एक प्रकारचा अर्धवाहक स्विच) इन्व्हर्टर, आणि ब्रेक लावताना मोटरचाच जनरेटर करून वीज तारेत परत ढकलण्याची सोय. वापरलेल्या विजेतला सुमारे तिसरा हिस्सा वाचतो, असं तेव्हा सांगितलं गेलं. हे रेक दोन्ही विजांवर चालत आणि सुरुवातीची काही वर्षं ते डीसीखालीच धावले. तेव्हा 'एसी आली आणि वीज वाचली' हे वाक्य जसंच्या तसं घेऊ नये.

मात्र या हिशोबात एक बारकावा एसीच्या बाजूचा आहे आणि माझ्या मते तोच निर्णायक ठरायला हवा होता. डीसी उपकेंद्रातला दिष्टकारक एकमार्गी असतो. गाडीने परत दिलेली वीज त्या क्षणी जवळपास दुसरी गाडी ओढत असेल तरच कामी येते. नसेल तर तारेतला विजेचा दाब (व्होल्टेज) वाढतो आणि गाडीला ती वीज आपल्याच रेझिस्टन्समध्ये जाळावी लागते. एसीचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) दोन्ही दिशांनी चालतं, त्यामुळे उरलेली वीज सरळ ग्रिडमध्ये जाऊ शकते. ऐन गर्दीत मुंबईला हा फरक फारसा जाणवणार नाही, कारण शेजारी गाडी असतेच. दुपारी आणि रात्री उशिरा जाणवतो.

आता डब्याखालचं. १९५७ हे थायरिस्टर या अर्धवाहक स्विचच्या जन्माचंही साल. हा स्विच सुरू करता येई, पण बंद करण्याचा हुकूम तो ऐकत नसे. प्रवाह आपोआप शून्यावर यायची वाट पाहावी लागे. जीटीओ या हुकमाने बंद होणाऱ्या थायरिस्टरने ती अडचण सोडवली, मात्र बंद करायला भलामोठा उलटा प्रवाह द्यावा लागे आणि स्विचिंग सेकंदाला काही शे वेळांपलीकडे जात नसे. १९९५-९६च्या सुमारास स्वित्झर्लंडहून आलेली थ्री-फेज इंजिनं याच जातीची होती. सुटताना त्यांचा जो सूर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जायचा, तो या संथ स्विचिंगचा. आयजीबीटीने, ऐंशीच्या दशकात जन्मून नव्वदच्या दशकात ३३०० व्होल्टपर्यंत पोचत, जीटीओला घरी बसवलं.

आयजीबीटीचंही एक दुखणं आहे. त्यात इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) दोघे मिळून प्रवाह वाहतात, म्हणून चालू असताना तोटा कमी. पण बंद करायची वेळ आली की आत साठलेली गर्दी निघून जायला वेळ लागतो, तेवढ्यात प्रवाहाची शेपटी रेंगाळते आणि दर वेळी थोडी उष्णता होते. मॉसफेट या दुसऱ्या जातीच्या स्विचमध्ये ही शेपटी नसते. मग मॉसफेटच का नको? कारण सिलिकॉनमध्ये हजारो व्होल्ट अडवायचे तर थर इतका जाड लागतो की त्याचा रोधच परवडत नाही.

सिलिकॉन कार्बाइड इथे उपयोगी पडलं. त्याचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सिलिकॉनचा १.१. किती तीव्र विद्युतक्षेत्र सोसतं, हे पाहिलं तर ते सिलिकॉनच्या जवळजवळ दहापट भरतं. म्हणजे तेवढाच दाब अडवायला दहाव्या हिश्शाचा थर पुरतो आणि मॉसफेट पुन्हा शर्यतीत येतो. उष्णताही ते जवळपास तिप्पट चांगली वाहून नेतं.

हे गुण फार आधीपासून माहीत होते. पदार्थ तर १८९१ पासून कारखान्यात बनतो, घासकामाच्या दगडासाठी. अडलं ते स्फटिकावर. सिलिकॉन वितळवून त्यातून स्फटिक ओढता येतो. सिलिकॉन कार्बाइड हवेच्या नेहमीच्या दाबाला वितळतच नाही, दोन हजार अंशांच्या वर त्याची थेट वाफ होते. ती वाफ बीजस्फटिकावर बसवण्याची रीत १९७८ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी दाखवली. वाढ तासाला मिलिमीटरच्या आतच, आणि स्फटिकात आरपार जाणारी सूक्ष्म भोकं. ती भोकं कमी करण्यातच पुढची वीस-पंचवीस वर्षं गेली. २००१ मध्ये डायोड बाजारात आले, २०१०-११ मध्ये मॉसफेट. मधली अडचण ऑक्साइडच्या थराची होती. सिलिकॉन कार्बाइड आणि त्यावरचा ऑक्साइड जिथे भेटतात तिथे इलेक्ट्रॉन अडकून पडत. नायट्रोजनयुक्त वायूत भाजून तो सांधा सुधारता येतो हे कळल्यावर स्विच वापरण्याजोगा झाला. तो सांधा अजूनही पूर्ण स्वच्छ नाही आणि आजचे कितीतरी शोधनिबंध त्या काही अणूंच्या जाडीच्या पट्ट्यावरच आहेत.

रेल्वेत पहिली पावलं जपानने टाकली. २०१२ मध्ये टोकियोच्या एका भुयारी मार्गावर सिलिकॉन स्विचला सिलिकॉन कार्बाइडच्या डायोडची जोड मिळाली. मग २०१५च्या सुमारास एका उपनगरी मार्गावर संपूर्ण सिलिकॉन कार्बाइडचा इन्व्हर्टर आला आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास बचत जाहीर झाली. तुलना जुन्या जीटीओ गाडीशी होती, हे बातम्यांत सहसा तळाशी असतं. २०२० मध्ये शिंकानसेनच्या नव्या गाडीतही हेच स्विच गेले आणि इन्व्हर्टर इतका आटोपशीर झाला की गाडीखालची मांडणीच बदलता आली.

तो उपनगरी मार्ग १५०० व्होल्ट डीसीचा आहे. मुंबईने ज्या दाबाला हार घालून निरोप दिला, त्याच दाबावर सिलिकॉन कार्बाइडने रेल्वेतलं आपलं सर्वांत गाजलेलं यश मिळवलं. हा योगायोग नव्हे. ३३०० व्होल्टचा स्विच १५०० व्होल्टच्या तारेला नेमका बसतो, मध्ये रोहित्र लागत नाही, आणि इन्व्हर्टर हलका झाला की गाडी खरंच हलकी होते. २५ हजार व्होल्टच्या गाडीत वजनाचा मोठा वाटा रोहित्राचा, आणि तो ५० हर्ट्झच्या लोखंडात अडकलेला. इन्व्हर्टर कितीही लहान करा, रोहित्र जागचं हलत नाही.

ते हलवण्याचं काम सध्या चालू आहे. तारेवरची वीज आधी अर्धवाहकांनी कापून उच्च वारंवारितेवर न्यायची आणि मग, वारंवारिता वाढली की रोहित्र लहान पुरतं म्हणून, छोट्या रोहित्रातून काढायची, अशी ही कल्पना आहे. २०१२ मध्ये जिनिव्हात एका शंटिंग इंजिनावर तिची चाचणी झाली. मात्र तिथल्या तारेवर १६.७ हर्ट्झची वीज असते, त्यामुळे मूळ रोहित्र आपल्यापेक्षा कितीतरी बोजड आणि फायदाही मोठा. ५० हर्ट्झवर हिशोब तेवढा आकर्षक बसत नाही. दहा हजार व्होल्टच्या पुढचे सिलिकॉन कार्बाइड स्विच प्रयोगशाळेत चालतात. ते विश्वासार्ह आणि परवडणारे झाले तर चित्र पालटेल.

आणि ज्या फ्रेंचांनी १९५७ मध्ये आपल्याला एसीचा सल्ला दिला, त्यांच्याकडेच आता नऊ हजार व्होल्ट डीसीच्या तारेचा अभ्यास चालला आहे. तांबं कमी लागेल, ग्रिडच्या तिन्ही फेजवर सारखा भार पडेल, फेज बदलताना लागणारे बिनविजेचे तुकडे जातील, आणि उपकेंद्रात नियंत्रित स्विच बसवले की परतीच्या विजेची एकमार्गी अडचणही उरणार नाही. अडलं आहे ते बिघाडाच्या वेळी प्रवाह तोडण्यावर. एसी सेकंदाला शंभर वेळा आपणहून शून्यावर येते, ब्रेकरला तेवढी फट पुरते. डीसीत ती फट मिळत नाही, ठिणगी पेटतीच राहते. म्हणून काही मिलिसेकंदांत प्रवाह तोडणारे अर्धवाहक ब्रेकर बनवण्याची खटपट चालू आहे, आणि त्यातला बराचसा पैसा जातो आहे तो सिलिकॉन कार्बाइडवर.