शिकाऊ कोण, पक्के कोण: ‘मिक्सिंग’च्या धंद्यामागची गोष्ट

खानदेशात लग्नाच्या कॅसेटचं एडिटिंग कुणी करत नसे, ‘मिक्सिंग’ करत. शेजारी शेजारी दोन व्हीसीआर, एकात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. कॉपीवर कॉपी केली की चित्र पुसट व्हायचं, हळदीचा पिवळा रंग पसरून नवरीच्या गालावर यायचा. मध्येच एक सीन राहून गेला, तर तिथून पुढचं सगळं पुन्हा.

तिकडे अमेरिकेत १९८९ मध्येच अ‍ॅव्हिड या कंपनीने दृश्यांची ही जोडणी कॉम्प्युटरवर आणली होती, पण ती यंत्रणा मोठ्या स्टुडिओलाच परवडे. १९९१ ला अडोबी प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर आलं. घरचे नवखे आणि धंद्यातले पक्के अशी रेघ मात्र माझ्या मते १९९९ ला उघड ओढली गेली. अ‍ॅपलने त्या एकाच वर्षात पक्क्यांना फायनल कट प्रो दिलं आणि घरच्यांना आयमूव्ही. वर्षभरात विंडोजवर मूव्ही मेकरही आलं.

आपल्याकडे ही रेघ वाकडीच गेली. जळगाव-धुळ्याच्या दुकानांत बसलं ते कॅनोपस या जपानी कंपनीचं एडियस. नाव व्यावसायिक, पण काम बहुतेक वेळा तयार ‘प्रोजेक्ट’वर. गाण्याच्या तालावर आधीच बांधलेली फ्रेम उघडायची, वधूवरांचे फोटो टाकायचे, नावं बदलायची. एक तासाची मिनी डीव्ही टेप, म्हणजे कॅमेऱ्यातली छोटी डिजिटल कॅसेट, कॉम्प्युटरात उतरवायला तासच लागे आणि सुमारे १३ जीबी जागा खाई. लगीनसराईत रात्री रेंडरला, म्हणजे जोडलेल्याचा शेवटचा व्हिडिओ बनवायला, लावलं आणि भारनियमनात वीज गेली, की सकाळी पुन्हा पहिल्यापासून. (इन्व्हर्टर हे तेव्हाचं सर्वांत व्यावसायिक उपकरण होतं, असं म्हटलं तरी चालेल.)

मग महागड्या बाजूची भिंत खचली. रंग सुधारण्याची यंत्रणा म्हणून नावाजलेलं दाविंची रिझॉल्व्ह ब्लॅकमॅजिकने २००९ मध्ये घेतलं आणि २०११ ला त्याची फुकट आवृत्ती काढली. दुसऱ्या टोकाला काइनमास्टरसारखी फोनवरच एडिटिंग करणारी अ‍ॅप आली, २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, आणि अहिराणी गाणी शेतातच शूट होऊन शेतातच जोडली जाऊ लागली. अ‍ॅपमधलं ‘टेम्प्लेट’ म्हणजे तरी काय, जुनं प्रोजेक्टच की.

आमच्या गल्लीतल्या मिक्सिंगवाल्याकडे अजून एडियस आहे. तीन तासांचं लग्न तो त्यावरच कापतो. रील त्याचा मुलगा फोनवर करतो, वरात निघायच्या आत. पंगतीत बसल्याबसल्या मावश्या विचारतात, “भाऊ, मी दिखस का यामा?”