मालदीवच्या पाणी कायद्यामागची पन्नास वर्षे

२०२० मध्ये मालदीवने पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण यांसाठी स्वतंत्र कायदा केला. सुमारे १,२०० बेटे, त्यांतल्या दोनशेहूनही कमी बेटांवर वस्ती, लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास आणि नदी एकही नाही. अशा देशात हा कायदा यायला इतका उशीर का लागला, हे कळण्यासाठी आधी बेटांच्या जमिनीखाली डोकवावे लागते.

मालदीवची जमीन म्हणजे प्रवाळाची वाळू. समुद्रसपाटीपासून तिची सरासरी उंची जेमतेम दीड मीटर. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस या वाळूत मुरतो आणि खाली शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके. हा थर बेटाच्या मधोमध जाड असतो आणि किनाऱ्याकडे पातळ होत जातो. उपसा थोडा जास्त झाला की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर मचूळ होते. कोकणातल्या खाडीकाठच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

पाणी इतके वर की विहिरीला रहाट लागत नसे. लांब काठीला डबा लावलेली ‘धानी’ पुरे. घरामागे ‘गिफिली’ नावाचे उघडे न्हाणीघर आणि त्यात विहीर, मशिदीच्या आवारात हातपाय धुण्यासाठी आणखी एक. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले, कारण माणसे थोडी होती आणि वापरलेले पाणी पुन्हा त्याच वाळूत मुरत होते.

माले शहरात हे गणित आधी बिघडले. १९७२ मध्ये पर्यटन सुरू झाले, राजधानीत माणसे येत गेली, आणि जुने माले म्हणजे दोन चौरस किलोमीटरही न भरणारे बेट. शौचालयांचे शोषखड्डे आणि पिण्याच्या विहिरी एकाच वाळूत, काही पावलांच्या अंतरावर. १९७८ मध्ये कॉलऱ्याची साथ आली, दोनशेहून अधिक माणसे गेली. चारच वर्षांनी शिगेला जंतूच्या अतिसाराची साथ आली. त्यानंतर पावसाच्या पाण्याच्या सार्वजनिक टाक्या, मलवाहिन्या आणि १९८८ च्या सुमारास समुद्राचे पाणी गोडे करणारा पहिला छोटा प्रकल्प, अशी कामे झाली.

मलवाहिन्यांनी साथी रोखायला मदत केली, यात शंका नाही. पण पूर्वी वाळूत परत जाणारे विहिरीचे पाणी आता थेट समुद्रात जाऊ लागले. उपसा चालूच, भरपाई बंद. मालेखालचे गोडे पाणी आटत आणि खारावत गेले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे वळण आहे. मलनिस्सारणाची आखणी पाण्याच्या आखणीपासून तोडली की काय होते, ते इथे दिसले. १९९५ मध्ये माले वॉटर अँड स्युएरेज कंपनी स्थापन झाली आणि राजधानी पूर्णपणे यंत्राच्या पाण्यावर आली.

बाकीची बेटे पाऊस आणि विहिरीवरच होती. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत लाटा अनेक बेटांवरून आरपार गेल्या. विहिरी खाऱ्या झाल्या, मैलाटाक्या फुटून घाण भूजलात मिसळली. मदत म्हणून घरोघरी पावसाचे पाणी साठवायच्या प्लास्टिकच्या टाक्या पोचल्या आणि काही बेटांवर क्षार काढणारी यंत्रे आली. टाक्या आजही उपयोगी पडतात. पण जानेवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत त्या रिकाम्या होतात, आणि मग सरकारला बोटींनी पाणी पोचवावे लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या टँकरांसारखीच ही नित्याची आणीबाणी.

२००८ च्या राज्यघटनेने स्वच्छ पाणी आणि प्रत्येक वस्तीच्या बेटावर पुरेशी मलनिस्सारण व्यवस्था हे नागरिकांचे हक्क म्हणून नोंदवले. हक्क कागदावर आला, पण तो पुरा कोणी करायचा, दर कोण ठरवणार, पाण्याची तपासणी कोण करणार, हे बराच काळ विस्कळीतच राहिले.

४ डिसेंबर २०१४ रोजी मालेतल्या समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि लाखाहून अधिक लोकांचे नळ कोरडे पडले. शहरात साठा अगदी तुटपुंजा होता आणि विहिरींकडे परतायची वाट तर केव्हाच बंद झाली होती. भारताने ‘ऑपरेशन नीर’ हाती घेतले. हवाई दलाच्या विमानांतून बाटलीबंद पाणी गेले, ‘आयएनएस सुकन्या’ पाणी गोडे करणाऱ्या संयंत्रांसह पोचली आणि मुंबईहून ‘आयएनएस दीपक’ सुमारे हजार टन पाणी घेऊन निघाली. एका यंत्रावर अख्खी राजधानी टांगणे किती धोक्याचे, हे त्या आठवड्याने दाखवले.

पुढच्याच वर्षी हरित हवामान निधीने, म्हणजे विकसनशील देशांना हवामानबदलासाठी पैसे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीने, ४९ बेटांच्या पाणी प्रकल्पाला मंजुरी दिली. त्यात पाऊस, भूजल आणि क्षारमुक्त पाणी यांचा एकत्र विचार होता. २०१७ मध्ये राष्ट्रीय पाणी व मलनिस्सारण धोरण आले आणि त्यामागून २०२० चा कायदा. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या कर्जसाहाय्यातून २८ बेटांवरच्या पाणी आणि मलनिस्सारण योजनांचे उद्घाटन झाले.

या नव्या यंत्रांची वीज मात्र बहुतांशी आयात डिझेलवर तयार होते. डिझेलची बोट उशिरा आली की बेटाचे पाणीही धोक्यात. म्हणून वाळूखालचा पातळ थर जपण्याची कलमे धोरणात नुसती असून भागणार नाही. किती उपसायचे, पावसाचे पाणी कुठे मुरवायचे, सांडपाणी शुद्ध करून परत जमिनीत सोडायचे का, हे प्रत्येक बेटासाठी वेगळे ठरवावे लागेल. मालेत ती संधी हातची गेली. दूरच्या अनेक बेटांवर ती अजून आहे.