प्राणायाम वर्ग : नव्याने येणाऱ्यांसाठी

नाव नोंदवताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "कपालभाती कधी शिकवणार?" पहिल्या महिन्यात नाही. टीव्हीवर पाहून घरी जोरजोरात पोट हलवणारे काही दिवसांनी चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात म्हणून आमच्याकडे येतात. भराभर श्वास घेत-सोडत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हे होतं. शिवाय हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात कपालभाती प्राणायामात धरलेलीच नाही. ती धौती-नेतीच्या रांगेत, षट्कर्मांत म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत येते.

आमच्याकडे सुरुवात होते ती आडवं पडून. गुडघे दुमडायचे, एक हात पोटावर, एक छातीवर. श्वास आत जाताना पोटावरचा हात वर यायला हवा. कित्येकांचं उलट होतं. "मोठा श्वास घ्या" म्हटलं की पोट आत जातं आणि खांदे कानाशी येतात. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला स्नायूचा पडदा, खाली सरकलं की पोट आपसूक पुढे येतं, ते मुद्दाम फुगवायचं नसतं. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो आणि कंटाळाही येतो, पण इथे आम्ही घाई करत नाही.

मग बसून दीर्घ श्वसन. मनात चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा आकडे मोजत सोडायचा. एरवी आपण मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. आकडा सेकंदाचा धरला तर या मोजणीत 6 होतात. धाप लागली तर घेताना तीन, सोडताना चार आकड्यांवर या. सगळा भर सोडण्यावर.

अनुलोम-विलोम त्यानंतर. उजव्या हाताचा अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका आणि करंगळी डावीवर. डावीने घ्या, उजवीने सोडा, उजवीने घ्या, डावीने सोडा : हे एक आवर्तन. सुरुवातीला पाच पुरे. एक नाकपुडी जड वाटली तर काळजी नको, दर काही तासांनी त्यांची पाळी बदलतच असते. सर्दीने नाक पूर्ण चोंदलं असेल त्या दिवशी मात्र सुट्टी.

श्वास रोखणं, म्हणजे कुंभक, नवख्यांना आम्ही शिकवत नाही. आग्रह केलात तरी नाही. पतंजलींनीही प्राणायाम आसन स्थिर झाल्यावरच सांगितला आहे.

रक्तदाब, हृदयविकार, फिट्स, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा आणि आधी डॉक्टरांना विचारा. चालू औषधं बंद करायची नाहीत. दम्याचा पंप जवळ ठेवा.

जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या, चहा वर्गानंतर. येताना सतरंजी आणि रुमाल आणा, कमरेला सैल कपडे घाला. मांडी घालता येत नसेल तर खुर्च्या आमच्याकडे आहेत, मागून घ्या.