नॅस (घर व लहान कार्यालयातील)

घरातील किंवा कार्यालयातील सर्व संगणकांना व फोनना एकाच ठिकाणच्या फाइली वापरता याव्यात म्हणून राउटरला जोडून ठेवलेले, स्वतःचा प्रोसेसर व कार्यप्रणाली असलेले साठवण-उपकरण. दोन किंवा चार डिस्कांची पेटी हे त्याचे नेहमीचे रूप. जुन्या संगणकावर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ही नॅससाठीची कार्यप्रणाली बसवूनही तेच काम साधते. कोल्हापुरात ते कर सल्लागारांची कार्यालये, लग्नाचे चित्रण करणारे स्टुडिओ आणि शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फाउंड्री व मशीन शॉप यांच्या विशेष उपयोगाचे आहे. पॅटर्नची ड्रॉइंग व सीएनसी प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून फिरवत राहिल्याने जुनी आवृत्ती मशीनवर चढण्याचा जो धोका असतो, तो त्यामुळे टळतो.

उगम : या कल्पनेचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात ब्रायन रँडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार केलेली ‘न्यूकॅसल कनेक्शन’ ही प्रणाली काहीजण पहिली मानतात. तिच्यामुळे अनेक युनिक्स संगणकांतील फाइली एकाच रचनेत दिसू लागल्या. परंतु ते सर्व संगणक बरोबरीचे होते, केवळ साठवणीसाठी राखून ठेवलेला त्यांत एकही नव्हता. नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर या जाळ्यावरून फाइली पुरवणाऱ्या कार्यप्रणालीला (१९८३) अग्रमान देणारा दुसरा पक्ष आहे. तिसरा पक्ष सन मायक्रोसिस्टिम्सच्या एनएफएस या जाळ्यावरून फाइली वापरण्याच्या पद्धतीचा. त्याचे काम १९८४ च्या सुमारास सुरू झाले, १९८५ मध्ये ते बाहेर आले आणि १९८९ मध्ये त्याचा तपशील खुल्या दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. ‘फाइली पुरवणे हे एकच काम करणारी स्वतंत्र पेटी’ ही कसोटी लावली, तर १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ऑस्पेक्स कंपनीकडे आणि तिच्यानंतर १९९२ मधील नेटॲपकडे मान जातो. आजचे उपकरण पाहता ही कसोटी अधिक ग्राह्य वाटते.

जाळ्यावरील फाइलींसाठी विंडोज ज्या एसएमबी पद्धतीने बोलते ती आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांची. तिचे वर्ष १९८३ की १९८४ यावर संदर्भ जुळत नाहीत. दशकाचा पूर्वार्ध एवढे म्हणता येते. घरगुती नॅस स्वस्त झाला तो मात्र हीच पद्धत इतर कार्यप्रणालींवर चालवणाऱ्या सांबा या मुक्त सॉफ्टवेअरमुळे. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या अखेरीस ते लिहायला घेतले. जाळ्यावरून जाणारी पाकिटे तपासून त्यांनी ही पद्धत उलगडली. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पेट्यांच्या आत सांबाच चालतो.

रेड : अनेक डिस्क एकत्र बांधून एक बिघडली तरी डेटा टिकावा, अशी योजना. पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांचा बर्कली येथील शोधनिबंध (१९८८; अहवालरूपाने १९८७) हा तिचा आधार समजला जातो. तथापि हरवलेला भाग इतर भागांवरून पुन्हा काढण्याचे पेटंट आयबीएमच्या नॉर्मन ऊची यांना १९७८ मध्येच मिळाले होते, आणि टँडम कंपनी सत्तरच्या दशकातच आरसा-पद्धतीने (तोच डेटा दोन डिस्कांवर) जोडडिस्क वापरत होती. बर्कलीच्या गटाने पातळ्यांचे (रेड १, रेड ५ इत्यादी) वर्गीकरण व त्यामागचे गणित दिले असे म्हणणे योग्य ठरेल.

दोन डिस्कांच्या पेटीत रेड १ (आरसा) घ्यावी. चार डिस्कांत रेड ५ (एक डिस्क बिघडली तरी चालणारी) की रेड ६ (दोन बिघडल्या तरी चालणारी), हा वाद जुना आहे. साध्या डिस्कच्या तपशीलपत्रात १०^१४ बिट वाचताना एखादी न वाचता येणारी चूक संभवते असे लिहिलेले असते. १०^१४ बिट म्हणजे १२.५ टेराबाइट. चार टेराबाइटच्या चार डिस्कांची रेड ५ पुन्हा बांधताना उरलेल्या तीन डिस्कांतून १२ टेराबाइट वाचावे लागतात, म्हणजे या हिशेबाने अडखळण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या घरात जाते. यावरून रेड ५ निकालात निघाली असे अनेकांनी २००७ नंतर मांडले. दुसरी बाजू अशी, की तपशीलपत्रातला आकडा ही कमाल मर्यादा आहे, सरासरी नव्हे. आणि दरमहा पूर्ण तपासणी (स्क्रब) चालवली तर कमजोर जागा आधीच सापडते. दुसरी बाजू अनुभवाशी अधिक जुळते. तरीही चार डिस्क असतील तर रेड ६ किंवा दोन आरसे घेणे शहाणपणाचे.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसली जाते, आणि खंडणीखोर सॉफ्टवेअरने कुलूपबंद केलेली फाइल दोन्हीकडे कुलूपबंद होते. नॅस घेऊन जुन्या सीडी व पोर्टेबल डिस्क काढून टाकणारे सर्वाधिक धोक्यात असतात.

डिस्क : क्षमतेपेक्षा आधी लेखनपद्धत पाहावी. एसएमआर डिस्कवर लेखनाचे मार्ग (ट्रॅक) घराच्या कौलांप्रमाणे एकमेकांवर चढवलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचे पुन्हा लिहावे लागतात. एरवी हे जाणवत नाही. रेड पुन्हा बांधताना मात्र काही तासांचे काम काही दिवसांवर जाते, किंवा पेटी डिस्कला निकामी ठरवून बाहेर काढते. नॅससाठी म्हणून विकल्या गेलेल्या काही डिस्क याच जातीच्या असल्याचे २०२० मध्ये उघड झाले, तेव्हापासून कंपन्या हा तपशील छापतात. बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि तो सीएमआर (मार्ग एकमेकांवर न चढवलेल्या जातीचा) असल्याची खात्री करावी. चार टेराबाइटची सीएमआर डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइटने लिहिली, तर आरसा पुन्हा भरायला साडेसात तास लागतात.

डिस्क किती गरम चालते याला फार महत्त्व दिले जाते. गूगलच्या २००७ मधील लाखाहून अधिक डिस्कांच्या पाहणीत तापमान व बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा क्षीण आढळला. मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरमधील नंतरच्या पाहणीत तो ठळक दिसला. २०१६ मध्ये रटगर्स विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट यांच्या अभ्यासाने सापेक्ष आर्द्रता ही तापमानापेक्षा मोठी कारक असल्याचे दाखवले. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येणाऱ्या कोल्हापुरास हा निष्कर्ष सर्वांत जवळचा आहे. पावसाळ्यात पेटी रोज रात्री बंद करू नये; चालू पेटीची ऊब आतील हवा कोरडी ठेवते. कपाटातल्या बॅकअप डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवाव्यात.

क्षमता : चार टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ३.६४ दिसते, मोजण्याच्या एककांत फरक आहे, फसवणूक नाही. लेखा कार्यालयास दोन टेराबाइट वर्षानुवर्षे पुरतात. चित्रणाचे गणित निराळे. १०० मेगाबिटचे ४के चित्रण तासाला ४५ गिगाबाइट घेते. दोन कॅमेरे सहा तास चालले की ५४० गिगाबाइट झाले, म्हणजे पाचवा हिस्सा मोकळा ठेवून चार टेराबाइटच्या आरशात पाच-सहा लग्ने बसतात.

जागा व वीज : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये व २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, नागाळा पार्क यांच्या सखल भागांत शिरले. तळमजल्यावर, विशेषतः जयंती नाल्याच्या बाजूला कार्यालय असेल तर पेटी टेबलाखाली नव्हे, पोटमाळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवावी. पूर येताना घाईत पेटीच उचलू नये. आधी ती रीतसर बंद करावी, मग डिस्क खणांसह काढून न्याव्यात. त्यासाठी प्रत्येक खणावर क्रमांक व डिस्कचा सिरीयल नंबर चिकटवलेला हवा. हीच चिठ्ठी बिघाडाच्या वेळीही उपयोगी पडते, कारण बिघडलेली सोडून चांगली डिस्क ओढून काढणे हे डेटा जाण्याचे नेहमीचे कारण आहे.

फाउंड्रीत पेटी शेडमध्ये ठेवू नये. हवेतील लोखंडाची भुकटी पंख्यावाटे आत जाऊन सर्किटवर बसते आणि ती वीजवाहक असते. केबिनमध्ये जाळीच्या कपाटात ठेवावी, जाळी महिन्याला साफ करावी. शेड व ऑफिस या दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन केबल उघड्यावरून ओढली तर वळवाच्या विजांत दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. तेथे फायबर टाकावे. अर्थिंग पाहताना न्यूट्रल व अर्थ यांतील दाब मीटरवर दोन-तीन व्होल्टच्या आत हवा.

घरात इन्व्हर्टर असला तरी यूपीएस लागतो. साधा इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना जो क्षण घेतो त्यात पेटी पुन्हा सुरू होऊ शकते, आणि वीज गेल्याचे तो पेटीला कळवत नाही. दोन डिस्कांची पेटी चालू असताना २० ते ३० वॅट घेते. राउटर व स्विच धरून ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडून ‘बॅटरीवर पाच मिनिटे झाली की बंद हो’ असे नेमून द्यावे. ही केबल खोक्यातच राहून जाते, आणि मग यूपीएसचा अर्धा उपयोग वाया जातो.

उभारणी : नॅस राउटरला किंवा गिगाबिट स्विचला केबलनेच जोडावा. गिगाबिटवर सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो. तो ११-१२ वर अडकला, तर जोडणी १०० मेगाबिटवर आली आहे असे समजावे. केबलच्या चार जोड्यांपैकी दोनच जुळल्या की असे होते. बहुधा प्लग नीट दाबलेला नसतो. क्रम एका टोकापासून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल घेऊ नये.

राउटरमध्ये नॅसचा पत्ता राखून ठेवावा, उदा. १९२.१६८.१.१०, अन्यथा वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि सर्वांचे जोडलेले ड्राइव्ह तुटतात. ‘ॲडमिन’ नावाचे खाते बंद करून दुसऱ्या नावाने व्यवस्थापक करावा. प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यावे. पूर्ण झालेल्या कामांचे फोल्डर सर्वांना केवळ वाचनासाठी ठेवावे. मशीनवरच्या कामगाराला सीएनसी फोल्डर वाचता आले तरी पुरते. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस ही फाइलप्रणाली असेल तर स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या फाइलींची गोठवलेली स्थिती) तासाला एक व दिवसाला एक असे लावावेत, रोजचे महिनाभर टिकवावेत. खरा डेटा भरण्यापूर्वी एक डिस्क मुद्दाम काढून, पेटी ओरडते का व ईमेल येतो का, हे पाहावे. टॅलीचा डेटा वायफायवरून उघडू नये. जोडणी मध्येच तुटली तर फाइल अर्धवट लिहिली जाते.

जुने झेरॉक्स-स्कॅनर फक्त एसएमबी १ (त्या पद्धतीची पहिली आवृत्ती) बोलतात आणि नव्या नॅसमध्ये ती बंद असते, म्हणून ‘स्कॅन टू फोल्डर’ चालत नाही. ती आवृत्ती सुरू करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर याच वाटेने पसरले. स्कॅनरला एफटीपी या फाइल पाठवण्याच्या दुसऱ्या पद्धतीने एकाच वेगळ्या फोल्डरमध्ये लिहू द्यावे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्डविना पाहुणा म्हणून शिरणेही बंद झाले आहे.

मराठी नावांची मर्यादा : नॅसवरील लिनक्समध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. देवनागरीतील प्रत्येक खूण तीन बाइट घेते, आणि काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार हे सर्व स्वतंत्र मोजले जातात. ‘कोल्हापूर’ या शब्दाला २७ बाइट लागतात. म्हणजे नाव ८५ खुणांत संपले पाहिजे. काही पेट्यांच्या कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) फोल्डरमध्ये मर्यादा १४३ बाइटची असते, म्हणजे ४७ खुणा. विंडोज २५५ खुणांपर्यंत नाव स्वीकारते, त्यामुळे पक्षकाराचे पूर्ण नाव, गाव, वर्ष व विषय असे लांब नाव दिलेली फाइल संगणकावर नीट असते आणि नॅसवर नेताना गळते. मोठी नक्कल झाल्यावर दोन्हीकडील फाइलसंख्या जुळवून पाहावी.

बॅकअप : तीन प्रती, दोन प्रकारची साधने, एक प्रत बाहेर. हा नियम सामान्यतः छायाचित्रकार पीटर क्रोह यांच्या नावाशी जोडला जातो. दोन यूएसबी डिस्क आठवड्याने आलटून पालटून लावाव्यात. लावलेली नसेल तीच सुरक्षित. बाहेरची प्रत कोठे ठेवायची याला येथे विशेष अर्थ आहे. पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते, आणि २०१९ मध्ये कोल्हापूर, इचलकरंजी व सांगली एकाच आठवड्यात पाण्यात होती. महामार्गही शिरोलीजवळ बंद पडला. सांगलीच्या नातेवाइकांकडे ठेवलेली डिस्क म्हणून पुरेशी नाही. पुणे किंवा क्लाउड निवडावे, निदान राजारामपुरीसारख्या उंच भागातले घर. दर तिमाहीस एखादे फोल्डर प्रत्यक्ष परत आणून उघडून पाहावे.

दूरस्थ वापर : राउटरवर ४४५ क्रमांकाचे द्वार (एसएमबीचा पोर्ट) उघडू नये, यूपीएनपी (उपकरणांना आपोआप द्वार उघडू देणारी सोय) बंद ठेवावे. २०२२ च्या जानेवारीत ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या नॅसनाच गाठले. शिवाय अनेक फायबर जोडण्यांत एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, तेथे द्वार उघडूनही उपयोग होत नाही. अशा ठिकाणी टेलस्केलसारखी खासगी जाळ्याची (व्हीपीएन) सेवा चालते. स्वतंत्र सार्वजनिक पत्ता असेल तर राउटरवरच वायरगार्ड हे व्हीपीएन बसवावे.